सावेकाका आणि दोन यमुना

'सीडी उघडत नाही' हे वाक्य मी नोकरीत जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा 'मंदा, जेवलीस का' हे कोणी विचारलं नसेल. पालघरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी एक्स-रे काढते. बावीस वर्षं झाली. माणूस एका ठिकाणी सीटी स्कॅन काढतो, सीडी घेऊन दुसऱ्या हॉस्पिटलात जातो, आणि तिथला कॉम्प्युटर ती सीडी गिळून नुसता घरघरत बसतो. मग तिथली माणसं खुशाल सांगतात, पुन्हा काढून आणा. जसं काही ते स्कॅन नाही, पासपोर्ट फोटो आहे. अशा वेळी आमच्याकडे एकच उपाय होता. सावेकाकांना फोन लावायचा आणि वाट बघायची. पालघरपासून बोईसरपर्यंत त्यांची आठवण निघते ती या सीडीवरून. मला मात्र सावेकाका म्हटलं की यमुना वरठा आठवते, आणि तिच्याबद्दल लिहायचं म्हटलं की हात आखडतो.

सावेकाका शिरगावचे. समुद्राकडच्या बाजूला त्यांची चिकू-नारळाची वाडी, पण वाडी बघायची बायकोने आणि थोरल्या भावाने. हे आपले स्कूटरवरून हॉस्पिटलं हिंडायचे. साठीला टेकलेला सडपातळ माणूस, अर्ध्या बाह्यांचा धुऊन धुऊन फिका झालेला शर्ट, आणि स्कूटरवर पायापाशी ठेवलेली रेक्झिनची बॅग. बॅगेत वायरींचं जंजाळ, कोऱ्या सीड्या, बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणि पेनड्राइव्हची एक माळ. पेनड्राइव्ह खरोखरच सुतळीत ओवलेले होते, चाव्यांसारखे. पूर्वी ते डार्करूममध्ये फिल्म धुवायचे. त्या औषधांनी त्यांच्या नखांना जो तपकिरी रंग चढला होता, तो शेवटपर्यंत उतरला नाही.

फिल्म गेली, कॉम्प्युटर आला, तेव्हा डार्करूमवाले बहुतेक जण घरी बसले. सावेकाका बसले नाहीत. प्रत्येक मशिनबरोबर एक जाडजूड पुस्तक येतं. त्यात ते मशिन कसले फोटो पाठवू शकतं, कसले घेऊ शकतं, दुसऱ्या कंपनीच्या मशिनचं काय काय त्याला समजतं, हे लिहिलेलं असतं. ते कोणीही वाचत नाही. आमच्याकडे तर एक पुस्तक डगडगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होतं. सावेकाकांनी ते काढून घेतलं, झेरॉक्स मारली, बाइंडिंग केलं आणि मूळ प्रत पुन्हा पायाखाली सरकवून ठेवली. असल्या सगळ्या पुस्तकांच्या प्रती त्यांच्या घरी होत्या. इंग्रजी त्यांचं जेमतेम, पण त्या पुस्तकातलं त्यांना अडायचं नाही.

"मशिन वाईट नसतं मंदाबाय," ते म्हणायचे. "दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाय, एवढाच तंटा. सोयरीक जुळवताना कसं, दोन्ही घरची माणसं चांगली, पण यांच्यात मानपान वेगळा, त्यांच्यात वेगळा. मधे कोण तरी समजूतदार लागतो."

कंपन्यांचे इंजिनियर त्यांना वचकून असायचे. आमचं एक मशिन एका कंपनीचं, फोटो साठवायची सिस्टिम दुसऱ्या कंपनीची. काही बिघडलं की हा म्हणणार त्यांचा दोष, तो म्हणणार यांचा. मी दिवसभर फोन करकरून वैतागायचे. एकदा सावेकाकांनी दोघांनाही फोन लावले, एक माझ्या फोनवरून, एक स्वतःच्या. दोन्ही फोनचे आवाज मोठे केले आणि ते टेबलावर समोरासमोर ठेवले. "आता तुमी दोघं बोला," म्हणाले, "आमी च्या पिऊन येतो." खरोखरच मला घेऊन कॅन्टीनमध्ये गेले. परत आलो तर दोघं भांडून भांडून दमले होते आणि चूक सापडलेली होती.

त्यांची एक खोड होती. कुठलाही फोटो उघडायच्या आधी ते पेशंटचं नाव मोठ्याने वाचायचे. आधी नाव, मग फोटो. मी चिडवायचे, काका, हजेरी घेताय काय. ते हसायचे नाहीत. "फोटोत सगळी माणसं सारखीच दिसतात गो. पयलं माणूस बघावं."

बोईसरला आमच्या ट्रस्टची दुसरी शाखा आहे. तिथून पहिल्यांदा एक्स-रे आमच्या पडद्यावर आले तेव्हा आमचे नवे डॉक्टर धावत माझ्या खोलीत आले. छाती उलटी आली होती, म्हणजे हाडं काळी आणि फुप्फुसं पांढरीफटक. डॉक्टर म्हणाले, "बाई, हा पेशंट जिवंत आहे का? फुप्फुसात हवेचा थेंब नाही." पेशंट बोईसरच्या बाकावर बसून वडापाव खात होता. मी डॉक्टरांना तसं सांगितलं, तर माझ्यावरच भडकले. सावेकाका आले, नाव वाचलं, पडद्याकडे पाहिलं. एक मशिन शून्याला काळं समजतं, दुसरं पांढरं समजतं, एवढीच गोष्ट होती. पाच मिनिटांत छाती सरळ झाली. डॉक्टरांना ते काही बोलले नाहीत. मला बाहेर येऊन म्हणाले, "हसू नको. घाबरला बिचारा. घाबरणारा डॉक्टर बरा."

आणि एकदा तारापूरच्या कारखान्यातला एक कामगार डोक्याला मार लागून एका सेंटरमध्ये स्कॅन करून आला होता. त्याला पुढे मोठ्या हॉस्पिटलात न्यायचा होता, आणि तिथल्या माणसांनी फोनवर सांगितलं होतं की सेंटरने मेलवर पाठवलेले फोटो उघडत नाहीत. त्याचा भाऊ सीडी छातीशी धरून माझ्यासमोर उभा. "मैडम, वहाँ बोलते हैं फिर से निकालो. ये तो होश में भी नहीं है, फिर से कैसे निकालें." सावेकाका सफाळ्याला कुठेतरी होते. येईपर्यंत मी नखं खाल्ली. त्या सेंटरचं मशिन फोटो इतके दाबून, आवळून भरायचं की दुसरीकडे ती गाठच सुटत नव्हती. काकांनी बॅगेतली माळ काढली, एक पेनड्राइव्ह लावला, सगळे फोटो सोडवून नव्या सीडीवर उतरवले आणि सोबत बघायचं सॉफ्टवेअरही घातलं. मग अॅम्ब्युलन्सच्या मागोमाग स्कूटर घेऊन गेले. का, तर तिथेही उघडलं नाही तर? तो कामगार वाचला. सरावलीत राहतो, अधूनमधून दिसतो, आता त्याला यातलं काही आठवत नाही.

एवढं सगळं सांगत बसले, म्हणजे मूळ गोष्टीला बगल देतेय हे माझं मलाच कळतंय. सांगते.

आमची पालघरची आणि बोईसरची, दोन्ही ठिकाणची फोटोंची साठवण एकत्र करायची असं आमच्या मॅनेजरसाहेबांच्या मनात आलं. विचार चांगला होता. पण दोन्हीकडे पेशंटचे नंबर एकापासून सुरू झालेले. इथला सातशे नंबर वेगळा माणूस, तिथला सातशे वेगळा. नंबरावर भरवसा ठेवता येईना. मॅनेजरसाहेबांना तर सगळं दसऱ्याच्या आत हवं होतं, उद्घाटनाला पाहुणे सांगून ठेवलेले. तेव्हा सावेकाकांनी सिस्टिमला नियम घालून दिला. नाव तेच, जन्मतारीख तीच, पुरुष की बाई तेही तेच, म्हणजे माणूस एकच. दोघांचे फोटो एका फाइलीत. कंपनीच्या पुस्तकातही तसाच नियम होता, आणि शहरात तो चालत असेलही.

आमच्याकडे काय चालतं ते आता ऐका. डोंगराकडच्या पाड्यांवरची माणसं येतात, त्यांना विचारावं जन्मतारीख काय, तर ती आपल्याकडे बघतात. जुन्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना सरसकट एक जून दिलेली. जी शाळेत गेलीच नाहीत त्यांना आधारच्या कॅम्पमध्ये कोणीतरी दिलेली. आणि ज्यांच्याकडे कागदच नसतो त्यांना मी देते. रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. म्हणून एक जून, आणि माणूस दिसेल त्याप्रमाणे वर्ष, तेही शेवटी शून्य असलेलं. माझ्या आधीच्या बाईंनी मला असंच शिकवलं होतं. मीही बावीस वर्षं तेच केलं, आणि त्यात काही वाईट आहे असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

यमुना वरठा आली ती दसरा होऊन गेल्यावर. मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, खोकला आणि ताप. त्या दिवशी रांग दारापर्यंत होती आणि वीज येत-जात होती. मी विचारलं, "जन्मतारीख?" ती म्हणाली, "काय म्हाईत." मी म्हटलं, "आधार?" ती म्हणाली, "घरी." मी तारीख टाकली. चाळिशीची वाटली, तसं वर्ष टाकलं. तिला मशिनपुढे उभं केलं, श्वास धर म्हटलं, सोड म्हटलं, आणि पुढच्याला हाक मारली. तिच्या डाव्या फुप्फुसावर मोठा डाग होता. तो मला तेव्हा दिसला असणारच. मला आठवत नाही, आणि हे न आठवणंच मला खातं.

दोन दिवसांनी बोईसरच्या शाखेत दुसरी एक यमुना वरठा आली. ही सरावलीला राहणारी, कारखान्यात पॅकिंगला जाणारी, कंपनीच्या तपासणीसाठी आलेली. हिच्या आधारवर एक जून, आणि वर्षही नेमकं तेच. सिस्टिमने दोघींची एक केली. पाड्यावरची यमुना रिपोर्टासाठी आली तेव्हा डॉक्टरांनी फाइल उघडली. सगळ्यात वर सगळ्यात नवा फोटो असतो, तो सरावलीच्या यमुनेचा. स्वच्छ छाती. डॉक्टर म्हणाले, काही नाही बाई, खोकल्याचं औषध देतो. ती औषध घेऊन गेली आणि दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर निघून गेली.

हे उघडकीला आलं माघात. सरावलीची यमुना जिन्यावरून पडली म्हणून आमच्याकडे आली. डॉक्टरांनी तिचे जुने फोटो उघडले आणि खालच्या फोटोतला डाग बघून तिच्यावर ओरडलेच, बाई, इतके महिने औषध घेतलंस का नाही. ती रडायला लागली. मी पालघरला कधी फोटो काढलाच नाही, म्हणून शपथा घ्यायला लागली. सावेकाकांना बोलावलं.

त्यांनी नाव वाचलं. मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि बराच वेळ बघत राहिले. ते डॉक्टर नव्हते, डागाकडे ते बघतही नव्हते. एका फोटोत उजव्या खांद्याकडचं गळ्याचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं. दुसऱ्यात ते सरळ. "ही दोन माणसं हायत," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. मी पाणी दिलं ते हातात धरून राहिले. "माजी सोताची एक जून हाय मंदाबाय. माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरांची एक जून होती. वाढदिवसाला मास्तर हसायचे. आणि मी हा नियम लिवला."

तारीख कोणी टाकली होती ते माझ्या ओठावर होतं, पण बाहेर आलं नाही.

पुढचे तीन दिवस त्यांनी बसून सगळ्या फाइली तपासल्या. अशा अजून काही जोड्या निघाल्या. नशीब, त्यात आजारी कोणी नव्हतं. चौथ्या दिवसापासून ते यमुनेला शोधायला लागले. तिने दिलेला फोन नंबर शेजाऱ्याचा, तोही बंद. पाड्यावर गेले तर घराला कडी. शेजारी म्हणाले, भट्टीवर गेलीत. कुठल्या, तर मुकादम नेतो तिकडं. सावेकाकांनी कामं सोडली. हॉस्पिटलांचे फोन घेईनात. सकाळी स्कूटर काढायची आणि भट्ट्या हिंडायच्या, आज या रस्त्याला, उद्या त्या. मला ते रोज संध्याकाळी फोनवर एवढंच सांगायचे, "आज पण नाय." एका रविवारी मीही बरोबर गेले. विटांच्या धुळीत बायका रांगेने बसलेल्या, आणि हा म्हातारा माणूस प्रत्येकीला विचारत होता, बाय, तुझं नाव यमुना का? बायका आधी घाबरायच्या, मग हसायच्या.

ती सापडली वैतरणेच्या बाजूच्या एका भट्टीवर, फाल्गुनात. झोपडीत पडूनच होती. नवरा लखमा दिवसभर विटा थापायचा आणि मधूनमधून येऊन तिला बघून जायचा. सावेकाकांनी तिला रिक्षात घालून सरकारी हॉस्पिटलात आणली. टीबी दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. औषध त्याच दिवशी सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण बघू. त्या 'बघू'वर सावेकाका जगायला लागले. रोज वाडीतलं शहाळं घेऊन यायचे. तिला दोन घोटांवर जायचं नाही.

मीही दोनतीनदा गेले. यमुना कमी बोलायची. एकदा तिने सावेकाकांना विचारलं, "तू फोटूवाला का?" ते म्हणाले, हो. "मंग माजा फोटू दाव ना." त्यांनी लॅपटॉप काढला. नाव वाचलं, आता नवऱ्याच्या नावासकट, यमुना लखमा वरठा, आणि तिच्यापुढे पडदा धरला. ती निरखून बघत राहिली. "यो मीच का?"

"हो," काका म्हणाले. "तूच. हे बघ, हे हाड कधी मोडलेलं तुझं?"

तिने खांद्याला हात लावला. "लहान होती तवा. झाडावरशी पडली." मग जरा हसली. "तुला कसा रं म्हाईत?"

लॅपटॉप बंद करताना सावेकाकांना त्याचं झाकण दोनदा लावावं लागलं.

एकोणिसाव्या दिवशी ती गेली. सकाळी शहाळं घेऊन ते पोचले तेव्हा पलंग रिकामा होता. लखमा तिला घेऊन पाड्यावर गेला होता. जाताना नर्सकडे निरोप ठेवून गेला होता, की त्या फोटूवाल्या बाबाला सांगा, लय केलं त्यानं. हा निरोप ऐकून सावेकाका जे खचले ते पुन्हा काही सावरले नाहीत. मरणं त्यांनी बघितली होती. पण ज्याचं आपण नुकसान केलं तोच आपले उपकार मानतोय, हे त्यांना सोसेना. "तिला सांगायचं राहिलं गो," ते मला म्हणाले. "रोज म्हणायचो, बरी झाली की सांगू."

मॅनेजरसाहेबांनी आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. म्हणाला, "सावे, जे झालं ते झालं. फाइलीत लिहू, पेशंट पुढच्या तपासणीला आली नाही. तसंही ती आली नव्हतीच."

"ती आली होती साहेब," सावेकाका म्हणाले. "आपण तिला परत पाठवली."

साहेबांनी समजावून पाहिलं. पाड्यावर जाऊन काही बोलू नका, उगाच त्या लोकांचं दुःख वाढेल, हॉस्पिटलचं नाव जाईल, तुमचंही काम जाईल. सावेकाकांनी सगळं ऐकून घेतलं. उठताना एवढंच म्हणाले, की मी माझ्या चुकीचं सांगणार, बाकी कोणाचं नाय. मी खाली मान घालून बसले होते.

तेराव्यानंतर ते पाड्यावर निघाले. मी म्हटलं, मीही येते. मनोर मागे पडलं. पाडा आला. घरं उंचावर, रस्ता बांधापाशी संपतो. काकांनी स्कूटर लावली आणि ते चालायला लागले. मी तिथेच उभी राहिले. त्यांनी वळून बघितलं. मी म्हटलं, इंजिन तापलंय, इथे कोणीतरी थांबायला हवं. आता हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटते. स्कूटर काय पळून जाणार होती?

पण घर वीस पावलांवर होतं. मला सगळं ऐकू येत होतं. लखमा अंगणात होता. त्याने खाट दिली, पण काका जमिनीवर बसले. म्हणाले, "लखमा, दोन यमुना होत्या. नाव एक, तारीख एक. मशिनमधे मी त्यांची एक केली. तुझी बायको आजारी हाय ते फोटोत दिसत होतं. आमी दुसरीचा फोटो बघून तिला सांगितलं, काय नाय म्हणून. तवाच औषध मिळालं असतं तर ती जगली असती. हे माझ्यामुळं झालं."

कोंबड्या अंगणभर फिरत होत्या. मला वाटलं, आता हा उठेल, मारेल, निदान शिवी तरी देईल. देवा, दे एकदाची शिवी, असंही वाटलं. पण त्याने विचारलं, "ती दुसरी बाय बरी हाय ना?"

"हाय," काका म्हणाले. "बरी हाय."

"मंग बरा," लखमा म्हणाला.

आणि सावेकाका रडले. मी त्यांना तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या माणसाच्या अंगणात, गुडघ्यात डोकं घालून, लहान पोरासारखे रडले. लखमा शेजारी येऊन बसला. मी स्कूटरपाशीच होते.

त्यानंतर त्यांनी कामं घेणं बंद केलं. आमच्या हॉस्पिटलने तर त्यांना बोलावलंच नाही. बाकीच्यांचे फोनही ते उचलेनात. बॅग कुठे ठेवली कोणास ठाऊक. कोणी म्हणायचं वाडीत असतात, कोणी म्हणायचं तब्येत बरी नसते. मी फोन करायची हिंमत केली नाही. एक्स-रे काढायचे ते काढतच होते. हात चालू होते, पण नाव लिहिताना दरवेळी बोटं अडखळायची. वर्ष असंच गेलं.

मग एक दिवस मी रजा टाकली आणि शिरगावला गेले. सावेकाका वाडीत नारळाच्या झावळ्या ओढून एका बाजूला लावत होते. खूप वाळले होते. त्यांच्या बायकोने चहा आणून दिला आणि ती घरात गेली. मी घाई केली, कारण थांबले असते तर मला बोलताच आलं नसतं. म्हटलं, "काका, तिची तारीख मी टाकली होती. तिने सांगितलीच नव्हती. ती एक जून माझी."

त्यांनी झावळी खाली ठेवली. "म्हाईत हाय."

"कसं माहीत?"

"प्रत्येक फोटोच्या पोटात असतं ते. कोणी काढला, कोणी नाव घातलं, किती वाजता. तुझ्या नावानं लॉगिन असतं ना. पयल्याच दिवशी वाचलं मी."

मला जो राग आला तो सांगता येत नाही. रडावं की भांडावं कळेना. म्हटलं, "मग बोलला का नाहीत? वर्षभर मी जळतेय. साहेबांपुढे एकटे बोललात, लखमापुढे एकटे बोललात. एकदा तरी म्हणायचं ना, मंदा, तूही त्यात आहेस."

"तुझ्यासमोर रोज पन्नास-साठ माणसं उभी राहतात," ते म्हणाले. "मी बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी तुझा हात थरथरला असता. मग त्या माणसांचे फोटो कोणी काढायचे?" मग म्हणाले, "आज का आलीस?"

"झोप लागत नाही."

"मला पण नाय लागत."

चहा निवून गेला. निघाले तेव्हा ते माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आले. चार पावलांवर दम लागत होता, तरी आले. मी म्हटलं, काका, जा तुम्ही, रिक्षा येईल. ते हलले नाहीत. फाट्यावर ऊन होतं. अंगातल्या गंजीवर त्यांनी नुसता पंचा घेतला होता. लांबून रिक्षा दिसली तेव्हा म्हणाले, "लखमाकडं जाऊन ये एकदा. तू सोता सांग त्याला. मी जातो अधनंमधनं, तो बसवून घेतो. मला काय झोप लागली नाय त्यानं. पण तुझं वय कमी हाय, तुला लागेल."

मी हो म्हटलं. रिक्षात बसले. मागच्या फटीतून बघितलं तर ते झाडाच्या सावलीलाही गेले नव्हते, उन्हातच उभे होते, रिक्षाकडे बघत.

त्याला सात महिने झाले. त्यातले पाच सावेकाकांशिवाय. काका वाडीतच पडले, उचलून नेईपर्यंत संपलं होतं. माणसं म्हणाली, लखमा त्यांच्या तेराव्याला पाड्यावरून चालत आला होता. मी त्या दिवशी ड्युटी लावून घेतली होती. पाड्यावर मी अजून गेलेले नाही.